वॉटरफोर्डचे वॉल्टन आणि १८५१ची शिष्यवृत्ती

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात वॉटरफोर्डच्या काचसामानाची वाहवा झाली आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचा तो कारखाना करांच्या बोजाखाली बंद पडला. काचेची ही कहाणी वॉटरफोर्डला जाणारा प्रत्येक प्रवासी ऐकतो. पण त्या प्रदर्शनाचं वॉटरफोर्ड परगण्याशी आणखी एक नातं आहे आणि मला ते काचेहून मोलाचं वाटतं.

प्रदर्शनाचा खर्च भागून १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक राहिले. प्रिन्स अल्बर्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाने ते वाटून न टाकता साउथ केन्सिंग्टनमध्ये जमीन घेतली. तिथे संग्रहालयं आणि विज्ञानसंस्था उभ्या राहिल्या. १८९१पासून आयोग होतकरू पदवीधरांना संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देऊ लागला. १८९५मध्ये न्यूझीलंडचे अर्नेस्ट रदरफर्ड याच पैशावर केंब्रिजला पोचले. आणि १९२७मध्ये, रदरफर्ड कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख असताना, त्यांच्या दारात असाच एक तरुण येऊन उभा राहिला : अर्नेस्ट वॉल्टन.

वॉल्टन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९०३चा, वॉटरफोर्ड परगण्यातल्या डन्गार्व्हन गावचा. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. त्यांची दर काही वर्षांनी बदली व्हायची आणि मुलाची शाळाही बदलायची. पुढे बेलफास्टचं मेथडिस्ट कॉलेज, मग डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, आणि तिथून ही शिष्यवृत्ती.

केंब्रिजमध्ये कणांना वेग देण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न फसले. तेवढ्यात भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांचा सिद्धान्त आला : अणुकेंद्राची भिंत ओलांडायला प्रोटॉनकडे वाटतं तेवढी प्रचंड ऊर्जा लागत नाही. काही लाख व्होल्ट पुरतील, असा वॉल्टन यांचे सहकारी जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हिशोब मांडला. यंत्र मात्र हाताने उभं करायचं होतं आणि त्या कामात वॉल्टन यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रोहित्रातून मिळणारा दोन लाख व्होल्टचा दाब धारित्रं आणि एकदिशकारक यांच्या जिन्यावरून चढवत न्यायचा, अशी ती योजना. स्लॅब पडताना घमेली हातोहात वरच्या मजल्यावर जातात, तसा विद्युतभार एका पायरीवरून दुसरीवर जातो आणि माथ्यावर दाब चौपट होतो. प्रोटॉन ज्या नळीतून धावायचे ती काचेच्या उभ्या नळकांड्यांची होती आणि हवेची गळती थांबवायला सांध्यांवर प्लास्टिसिन थापलं होतं. मुलांच्या खेळातल्या मातीने अणुविज्ञानाचं हे नवं दालन हवाबंद केलं!

१४ एप्रिल १९३२ला वॉल्टन शिशाचं अस्तर लावलेल्या छोट्या खोक्यात रांगत जाऊन बसले. प्रोटॉन लिथियमवर आदळत होते आणि समोरच्या पडद्यावर ठिणग्या चमकू लागल्या. लिथियमचं अणुकेंद्र फुटून दोन अल्फा कण बाहेर पडत होते. कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी माणसाने प्रथमच अणुकेंद्र फोडलं होतं. घटलेलं वस्तुमान आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांचा आइन्स्टाइन यांच्या समीकरणाप्रमाणे मेळही बसला.

बहुतेक चरित्रं इथे थांबतात. माझ्या लेखी शिष्यवृत्तीची कसोटी इथून पुढे सुरू होते. रदरफर्ड न्यूझीलंडला कायमचे परतले नाहीत. त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. वॉल्टन मात्र १९३४मध्ये डब्लिनला ट्रिनिटीत परतले. नव्या आयरिश राज्यात विज्ञानासाठी पैसा नव्हता, उपकरणं तुटपुंजी होती, शिकवण्याचा भार मोठा होता. तरी निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७४पर्यंत, ते तिथेच राहिले. १९४६पासून विभाग त्यांच्याकडे होता. १९५१मध्ये कॉकक्रॉफ्ट यांच्यासह नोबेल मिळाल्यावरही ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रयोग करून दाखवत शिकवत राहिले. त्या चाळीस वर्षांत केंब्रिजच्या तोडीचा एकही शोध नाही, म्हणून ती वाया गेली असं म्हणणारे आहेत. मला हे मुळीच पटत नाही. एका गरीब देशाला भौतिकशास्त्र शिकलेल्या पिढ्या मिळाल्या त्या याच वर्षांत.

वॉल्टन केंब्रिजला गेले त्याच वर्षी मुंबईचा एक तरुण तिथे इंजिनिअरिंग शिकायला आला होता. होमी भाभा. पुढे त्यांनाही १८५१च्या आयोगाची वरिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली. १९३९मध्ये सुटीवर भारतात आले असताना महायुद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. १९४५मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. त्या संस्थेने १९५०च्या दशकात मुंबईत बसवलेला दहा लाख व्होल्टचा कॅस्केड जनरेटर वॉल्टन आणि कॉकक्रॉफ्ट यांच्याच यंत्राच्या जातीचा होता.

भाभांच्या पाठीशी टाटांचा ट्रस्ट होता, वॉल्टन यांची ट्रिनिटीत जागा होती. परतणाऱ्याला घर असं सामावून घेईलच याची खात्री नसते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार करून. १९१७मध्ये तो पाळायला ते आले, तर कचेरीत शिवाशीव आणि शहरात राहायला जागा नाही. पारशांच्या सरायीतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. महाराजांनी पैसा दिला, विद्यार्थ्याने शब्द पाळला, समाजाने दार लावलं. बाबासाहेबांनी त्यानंतर देश बदलला, तो या वागणुकीला न जुमानता. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आज दरवर्षी मुलंमुली बाहेर जातात. ती परत येतील तेव्हा त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत, महाविद्यालयात, मंत्रालयात जागा कोणी राखून ठेवली आहे का, हा प्रश्न निवड यादी लागण्याच्या दिवशीच विचारायला हवा.

आयर्लंड तो विचारायला शिकलेला दिसतो. वॉटरफोर्डच्या तंत्र विद्यापीठातल्या संगणक व दळणवळण संशोधन केंद्राला आता वॉल्टन यांचं नाव आहे. परदेशातल्या संशोधकांना आयर्लंडमध्ये काम करायला बोलावणारे पुरस्कारही त्यांच्या नावाने दिले गेले. आणि वॉल्टन निवृत्त झाले त्याच १९७४पासून आयर्लंडचं सरकार स्वतःच शिष्यवृत्त्या देऊ लागलं. आफ्रिकेतले, व्हिएतनामचे, पॅलेस्टाइनचे अधिकारी, शिक्षक, आरोग्यसेवक त्यांवर आयर्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि आपापल्या देशात कामावर रुजू व्हायला परत जातात.