पटावरचा इतिहास (लेखांक ६) : रीजन्सीची नऊ वर्षं

मागच्या लेखांकाच्या शेवटी माझा भाचा अडकून बसला होता. 'युरोपा युनिव्हर्सलिस ४' या खेळात त्याने मराठ्यांचं राज्य उभं केलं होतं. दख्खन बहुतेक ताब्यात होती, खजिना भरला होता, आणि नेमका राजा मेला. वारस सहा वर्षांचा. पडद्यावर रीजन्सी कौन्सिल बसल्याची पाटी आली आणि युद्ध पुकारायची सोय बंद झाली. "मामा, आता नऊ वर्षं काय बी करता येत न्हाई," म्हणत त्याने खेळाचा वेग पाचवर नेला आणि तो चहा टाकायला उठला.

नऊ वर्षं, कारण इथे वारस पंधराव्या वर्षी सज्ञान होतो. तोवर राज्य राखायचं. कुणी अंगावर आलं तर लढायचं, पण आपण होऊन चाल करायची नाही. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेल्या या खेळाचा हा मूळ नियम. त्यामागचा हेतूही कळतो. राजा म्हणजे नुसता आकडा वाटू नये, त्याच्या मरणाने काहीतरी अडावं.

पण हा नियम कोल्हापुरात बसून वाचला की हसू येतं. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा त्यांचा मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. खेळाच्या हिशेबाने त्यांच्या विधवा राणी ताराबाईंनी १७११ पर्यंत हातावर हात ठेवून बसायला हवं होतं. औरंगजेब तर १७०७ मध्येच गेला. मधल्या सात वर्षांत तो म्हातारा बादशहा स्वतः एकेका किल्ल्याखाली तळ देत फिरत होता, आणि बाईंच्या फौजा त्याला वळसा घालून त्याच्याच मुलखात शिरत होत्या. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे माळव्यात पोहोचले, १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगलांचा पराभव केला. मुरलेला खेळाडू म्हणेल, युद्ध आधीपासूनच चालू होतं, त्याला बंदी नाही. मान्य. पण कारभार बाईंच्या हाती असताना राज्य नुसतं धीर धरून बसतं, हे त्या नियमाच्या पोटातलं गृहीतक आहे, आणि ते आमच्याकडे चालत नाही. पुढे १७६० मध्ये करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, संभाजी महाराज निपुत्रिक वारले. त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक घेऊन १७७३ पर्यंत कारभार पाहिला. रीजन्सी वगळून या गादीचा इतिहास लिहायला घेतला तर हाती फारच थोडी पानं उरतील. खेळात मात्र २०१६ च्या 'राइट्स ऑफ मॅन' या जोडभागात राजाच्या राणीला पात्र म्हणून जागा मिळाली आणि ती कारभार हाती घेऊ लागली. म्हणजे खेळ बाजारात आल्यावर तीन वर्षांनी.

एवढं झोडपल्यावर वाटेल की खेळ टाकाऊ आहे. तसं नाही. त्याची खरी ताकद टंचाईत आहे. प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि सैन्य या तीन खात्यांत दरमहा थोडे गुण जमतात, आणि सगळी कामं त्यातूनच भागवायची असतात. नवा मुलूख पचवायला प्रशासनाचे गुण खर्चले, तर राज्यातली बिघडलेली घडी सावरायला ते उरत नाहीत. जिंकणं सोपं आणि सांभाळणं महाग, हे वर्गात सांगून मुलांना पटत नाही. इथे दोन तासांत पटतं.

२०१८ च्या 'धर्म' या जोडभागाने हिंदुस्थानातल्या राज्यांना इथले मानकरी वर्ग दिले, त्यात मराठा असाही एक वर्ग आहे. प्रत्येक वर्गाचे दोन आकडे, निष्ठा आणि जोर. सवलत दिली की निष्ठा वाढते, पण बहुधा त्याबरोबर जोरही वाढतो, आणि फार जोर झालेला वर्ग उद्या राजालाच भारी पडतो. हे पाहून मला रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आठवलं. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात वतनदारांना राज्याचे वाटेकरीच मानलं आहे. त्यांना दुखवू नये, पण मोकळंही सोडू नये, असा त्यातल्या सल्ल्याचा रोख. पंतांना हा खेळ दोन दिवसांत जमला असता.

किल्ल्यांच्या प्रकरणावर मात्र त्यांनी नाक मुरडलं असतं. खेळात वेढा म्हणजे महिन्याकाठी पडणारा फासा. कधी रसद संपते, कधी पाणी. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला घातलेला वेढा या साच्यात बसवता येईल. औरंगजेबाने १७०१ मध्ये पन्हाळा आणि १७०२ मध्ये विशाळगड घेतला तो काही नुसता तोफांच्या जोरावर नव्हे. शेवटी पैसे मोजून सौदा झाला. हा व्यवहार फाशाला कळत नाही.

सगळ्यात मोठी उणीव नकाशाच्या रंगात आहे. एका प्रांताला एकच धनी, एकच रंग. चौथाई आणि सरदेशमुखी कुठल्या रंगात दाखवायची? १७१९ मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या या हक्कांच्या सनदा मिळाल्या. मुलूख मोगलांचा, वसुलातला वाटा साताऱ्याचा. या खेळात खंडणी देणारं राज्य असतं, मांडलिक असतो, पण एकाच गावाच्या उत्पन्नावर दोघांचा हक्क बसत नाही. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर यांच्यात नदी ही सीमा ठरली. तो तह तेवढा नकाशाला झेपेल. पण एकाच घराण्याच्या दोन गाद्या, दोन्हीकडे छत्रपती, आणि दोघांचा पूर्वज एकच, या नात्याला खेळात नाव नाही.

व्यापाराबद्दल पुढे स्वतंत्र लिहीन. आज एवढंच, की व्यापारी वाटांचे बाण आधीच आखलेले आहेत आणि शेवटचे मुक्काम तीनच : इंग्लिश खाडी, जिनोआ, व्हेनिस. युरोपातली चांदी मिरीसाठी आणि कापडासाठी इकडे येत होती, हे बाणांना ठाऊक नाही.

चहा घेऊन भाचा परत आला तेव्हा मी त्याला ताराबाईंचं सांगितलं. कावळा नाक्यावरचा त्यांचा पुतळा तो रोज पाहतो. इतिहास ऐकून त्याने खेळाडूचाच प्रश्न विचारला, "मग बाईंना गुण किती?" खेळात राज्यकर्त्याला प्रत्येक खात्यात शून्य ते सहा गुण असतात. सैन्याचे सहा, यावर दोघांचं लगेच जमलं. मुत्सद्देगिरीवर अडलं. मी चार म्हणालो. तो म्हणाला, १७०७ मध्ये खेडच्या लढाईआधी धनाजी जाधव बाईंना सोडून शाहूंकडे गेले, १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी पन्हाळ्यावरच सत्ता उलथवली आणि बाई कैदेत पडल्या, म्हणजे फार तर दोन. मी म्हटलं, वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी साताऱ्याच्या गादीवर रामराजा आणून बसवला. "आन् त्याच वर्षी त्याला कैद बी केला," तो म्हणाला. शेवटी त्याने वहीत दोनचे तीन केले आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.