यंत्राने चेहरा ओळखला नाही तर?



कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की शहरातली मोठी कार्यालये डोळ्यांसमोर येतात. पण ती आता सातपुड्यातल्या पाड्यांवरील अंगणवाडीपर्यंत आली आहे. ज्या कुटुंबांसाठी आपण प्रार्थना करता व देणगी देता, त्यांच्या ताटाशी तिचा थेट संबंध आहे.

गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो. त्याची नोंद २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर होते. १ जुलै २०२५ पासून शिधा देताना चेहरा पडताळणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. आधी आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन ओळख पक्की करायची. मग वाटपाच्या वेळी सेविकाताई आईचा, बालकाच्या बाबतीत पालकाचा, फोटो घेतात. यंत्र त्या चेहऱ्याचे आकडे बनवते, साठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहते आणि साम्य ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच ‘होय’ म्हणते. आई यंत्राला ओळखता येत नाही. साम्य किती, एवढेच ते सांगते. ती मर्यादा कुठे ठेवायची हे मात्र माणसांनी ठरवलेले असते.

हेतू चांगला आहे. खोट्या नावांवर उचलला जाणारा शिधा थांबलाच पाहिजे. पण आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, खोलीत उजेड कमी, फोन जुना, रेंज टेकडीवर गेल्याशिवाय नाही, असे असले की खरी आईसुद्धा अडते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या बाईने कॅमेऱ्यासमोर यायचे कसे? बोलणी मात्र सेविकाताईंना खावी लागतात.

श्रीमंत देशांतही असे घडले आहे. नेदरलँड्सच्या करखात्याने बालसंगोपन अनुदानातील फसवणूक शोधायला संगणकी पद्धत वापरली. हजारो पालकांवर खोटा ठपका बसला, त्यात परदेशी मूळ असलेली कुटुंबे जास्त भरडली गेली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

म्हणून यंत्र नकोच, असे मी म्हणणार नाही. २०२५ मध्येच केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले. भिली, गोंडी, संथाली व मुंडारी या भाषांपासून त्याची सुरुवात झाली. भिली तर डोंगरागणिक बदलते, तेव्हा चुका होणारच. पण भाषांतर चुकले तर माणूस पुन्हा विचारतो. शिधा चुकला तर मूल उपाशी राहते. दोन्हींना एकच माप लावता येत नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. कुरकुर ऐकल्यावर प्रेषितांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितले व वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. तक्रार कोणाकडे न्यायची हे त्या दिवसापासून सर्वांना ठाऊक झाले. अंगणवाडीतल्या यंत्राच्या बाबतीत नेमके हेच हवे.

तशी सोय कायद्यात आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे हा आहार मातांचा व बालकांचा हक्क आहे. तो मिळाला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही आहे. दाद जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यापुढे राज्य अन्न आयोगाकडे मागता येते. तक्रार लेखी द्यावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कागदावर राहत नाही.

आपल्यापैकी जे पाड्यांवर भेटीला जातात, त्यांनी एवढे अवश्य विचारावे: आधारला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का, आणि तो फोन घरात कोणाकडे असतो? पुष्कळ वेळा तो नवऱ्याच्या खिशात, उसाच्या फडावर असतो. तसे असेल तर आईचा स्वतःचा नंबर जोडण्यासाठी तिला आधार केंद्रावर घेऊन जावे. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज, एवढीच मदत बहुधा लागते.