सही कागदावर, वायर भिंतीत

वाईला माझ्या मामांचे जुने घर आहे. दगडी जोते, जाड मातीच्या भिंती, वर कौले. वायरिंगही त्याच थाटाचे. लाकडी पट्टीवरून पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेल्या वायरी, काळी गोल बटणे आणि दारावर चिनी मातीचे फ्यूज. गेल्या पावसाळ्यात मोरीतल्या दिव्याचे बटण दाबताना मामींच्या हाताला झिणझिण्या आल्या आणि मामांनी ठरवले, दिवाळीआधी सगळे वायरिंग बदलायचे. तेही स्वतः.

"व्हिडिओ बघितलेत मी. वायर ओढायची, जोडायची, टेप गुंडाळायची. यात काय मोठंसं आहे? शेवटी एखाद्या वायरमनला बोलावू, तो तपासून सही करेल."

स्वयंपाकघरापासून गिझरपर्यंतची लाइन त्यांनी टाकलीही. मग ओळखीचा वायरमन आला. त्याने ती बघितली, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाला, "काका, मशीन लावून तपासतो मी. पण भिंतीत काय आहे ते सगळं मशीनला दिसत नाही. आणि सही माझी असते."

मामांना राग आला. पण वायरमनचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. का, ते समजून घेऊ.

घर तेच, भार वेगळा

पन्नास वर्षांपूर्वी अशा घरात ६० वॉटचे पाच बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ असे. सगळे एकदम चालू केले तरी भार ५०० वॉटच्या आत, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम २ अँपिअर. आज त्याच घरात २,००० वॉटचा गिझर, १,६०० वॉटचा एसी, १,२०० वॉटचा मायक्रोवेव्ह, १,००० वॉटची इस्त्री आणि ६०० वॉटचा मिक्सर आहे. बेरीज ६,४०० वॉट, म्हणजे सुमारे २८ अँपिअर. वायर मात्र तीच.

वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. जुन्या वायरींवरचे रबर या उष्णतेने आणि वयाने कडक होते. ते जागच्या जागी असते तोवर टिकते, पण वायर हलवली, वाकवली की तडकून गळून पडते. म्हणूनच अर्धे वायरिंग नवे आणि अर्धे जुने, हा सर्वांत वाईट पर्याय. नव्या कामाच्या खटपटीत जुने उघडे पडते.

मशीनला काय दिसते?

वायरमन 'मेगर' लावतो, तेव्हा ५०० व्होल्ट दाब देऊन वायरीवरचे आवरण शाबूत आहे का हे पाहतो. फेज आणि अर्थ यांच्यातला रोध किमान १ मेगाओहम यावा अशी अपेक्षा असते. आवरण फाटले असेल, ओल शिरली असेल, तर आकडा खाली येतो. चाचणी उत्तमच आहे. पण ती आवरणाची चाचणी आहे, जोडाची नव्हे.

मामांच्या लाइनचा मेगरचा आकडा छान आला. मग वायरमनने जोडाचा डबा उघडला. आत तांब्याची नवी वायर अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या वायरीला पिळून, वर टेप गुंडाळून ठेवलेली होती. टेप तपकिरी पडू लागली होती.

अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि हा थर वीज नीट वाहू देत नाही. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, गार झाल्यावर आकसते. रोज गिझर लावा, बंद करा, की पीळ थोडा थोडा सैल होतो. त्यात दोन वेगळे धातू आणि मोरीची दमट हवा, म्हणजे गंजायला आमंत्रण.

समजा, अशा जोडाचा रोध फक्त ०.३ ओहम झाला. २,००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. गणित केले तर त्या पेराएवढ्या जागेत जवळजवळ २३ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची छोटी सोल्डरिंग इस्त्री साधारण २५ वॉटची असते आणि ती शिसे वितळवते. तशीच एक इस्त्री भिंतीत, वाळलेल्या लाकडी पट्टीला टेकवून ठेवल्यासारखे हे झाले.

तेव्हा एमसीबी काय करते? काहीच नाही. तिला ८.७ अँपिअर दिसतात, ते तर नेहमीचेच. वीजगळती नाही, म्हणून आरसीसीबीही गप्प. मेगर खूश. रोध मोजायला गेलात, तर ०.३ ओहम म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चाळीसेक मीटर वायरीचा रोध. वायर भिंतीत किती लांब फिरली आहे हे माहीत नसेल, तर हा वाढीव आकडा सहज लक्षातही येत नाही. असा जोड दिसतो तो फक्त काम चालू असताना, पाहणाऱ्या माणसाला.

दिवा लागला, म्हणजे काम बरोबर?

घरगुती हौशी कामाची कसोटी एकच असते, ती म्हणजे दिवा लागला पाहिजे. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले तरी दिवा लागतो आणि बंदही होतो. फरक एवढाच, की बटण बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्ट हजर असतात. बल्ब बदलणाऱ्याला ते कळते, पण फार उशिरा.

अर्थिंगचेही तसेच. अर्थची वायर जोडलीच नाही, तरी फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर सगळे व्यवस्थित चालते. अर्थची गरज वर्षातल्या एखाद्याच क्षणी लागते, आतली फेज पत्र्याला टेकते तेव्हा.

इथे एक मोठा गैरसमज आहे. अर्थिंग केले की एमसीबी लगेच पडेल, असे आपण धरून चालतो. समजा, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे. पत्र्याला फेज लागली तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरच्या 'सी' प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडायला किमान ८० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला ती काही सेकंद घेऊ शकते आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहतो.

शरीराच्या बाजूने हेच गणित पाहा. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढे श्वास अडखळू शकतो, आणि त्याहून जास्त प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहते. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास येतो. म्हणजे २३० मिलिअँपिअर. ५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने हा प्रवाह नगण्य आहे. फ्यूज आणि एमसीबी वायरीला वाचवतात, माणसाला नाही.

माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की ती सेकंदाच्या अंशात वीज तोडते. पण तिच्यावरचे 'टेस्ट' बटण दाबून ती पडली, म्हणजे अर्थिंग चांगले असा अर्थ होत नाही. ते बटण फक्त तिची स्वतःची यंत्रणा तपासते. अर्थ वेगळे मोजावे लागते.

जुन्या घरांत दोन लाइनींचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले सापडतात. अशा घरात आरसीसीबी बसवली की ती सारखी पडते. मग कोणीतरी वैतागून ती काढून टाकते. ती बिचारी चूक दाखवत असते.

मग घरच्या माणसाने काय करायचे?

आपल्याकडे नियम स्पष्ट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगमधली भर, बदल आणि दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच व्हायला हवी. व्हिडिओत दिसणारे बरेचसे हौशी लोक परदेशातले असतात. इंग्लंडमध्ये घरमालकाला असे काम करता येते, पण घराचे वायरिंग बदलण्यासारखे मोठे काम असेल तर सुरू करण्याआधी स्थानिक इमारत नियंत्रण विभागाला कळवून, तपासणीची सोय करून. काम पुरे करून मागाहून सही मागायची, ही पद्धत तिथलीही नाही.

तरीही घरच्या माणसाला करण्यासारखे पुष्कळ आहे. मामांनी पुढे तेच केले.

प्रत्येक खोलीचा नकाशा काढा. कुठले बटण काय लावते, कुठे काय हवे आहे, ते लिहा. सगळ्या उपकरणांचे वॉट लिहून बेरीज करा. त्यावरून दिव्यांच्या लाइनी वेगळ्या, गिझर आणि एसीची लाइन स्वतंत्र, हे ठेकेदाराशी बसून ठरवता येते. मंजूर भार वाढवावा लागेल का, तेही तेव्हाच कळते.

जुन्या मातीच्या भिंतीला आडव्या खाचा मारू देऊ नका, त्याने भिंत कमजोर होते. तिथे भिंतीवरून प्लास्टिकची केसिंग पट्टी बरी. जिथे वायर आत जाणार असेल, तिथे गिलावा होण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढा. भिंत बुजल्यावर कोणाच्याही सहीपेक्षा हे फोटो उपयोगी पडतात. प्रत्येक जोड उघडता येईल अशा डब्यातच असू द्या. तपासणीच्या वेळी शेजारी उभे राहा आणि मेगरचा, अर्थचा आकडा कागदावर लिहून घ्या. 'ओके' हा शब्द आकडा नव्हे.

आणि मेन स्विच बंद केला म्हणजे घर मेले, असे समजू नका. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनी तशाच जिवंत राहतात.

कोणाला शॉक लागलाच तर आधी वीज तोडा, मगच माणसाला हात लावा. वीज तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. श्वास नसेल तर १०८ ला फोन करून छातीवर दाब देणे सुरू करा. जोराचा धक्का बसलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी डॉक्टरांकडे न्या आणि ईसीजी काढून घ्या. कातडीवरचा डाग लहान असला तरी आतल्या स्नायूंना मोठी इजा झालेली असू शकते.

मामांच्या घराचे काम चौदा दिवस चालले. गिझरची लाइन पहिल्यापासून पुन्हा टाकली. शेवटच्या दिवशी वायरमन एकेक आकडा सांगत होता आणि मामा वहीत लिहीत होते. सही झाल्यावर मामींनी मोरीतले बटण दाबले. सवयीने त्यांनी आधी हात पदराला पुसून कोरडा केला. ती सवय त्यांनी सोडू नये.