शीअरनेसचे होड्यांचे कोठार

लोखंडी सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या बहुमजली इमारतींचा इतिहास बहुतेक जण शिकागोपासून सांगतात. तो त्याच्या पाव शतक आधी, इंग्लंडमध्ये मेडवे नदीच्या मुखाशी, आरमारी गोदीतल्या एका कोठारापासून सांगायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

शीअरनेसच्या गोदीतले हे कोठार १८५८ ते १८६० या काळात बांधले गेले. युद्धनौकांवरच्या लहान होड्या ठेवायला जागा हवी होती, एवढेच निमित्त. लांबी २१० फूट, रुंदी १३५ फूट, मजले चार. मधला पट्टा जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा. तिथे यारीने होडी उचलायची आणि दोन्ही बाजूंच्या हव्या त्या मजल्यावर आत घ्यायची.

आराखडा कर्नल गॉडफ्रे ग्रीन यांचा. नौदलाच्या बांधकाम खात्याची सूत्रे हाती येण्यापूर्वी ते बंगाल इंजिनिअर्समध्ये होते. लोखंडी सांगाडा त्यांच्याआधीही होता. श्रूजबरीची लिननच्या धाग्याची गिरणी १७९७ मध्येच बिडाच्या खांबांवर उभी राहिली होती. पण अशा गिरण्यांना वाऱ्यापुढे सावरून धरायच्या त्या बाहेरच्या जाड विटांच्या भिंती. ग्रीन यांनी तो आधारच काढून घेतला. त्यांनी बिडाचे खांब गोल न ठेवता एच या इंग्रजी अक्षराच्या आकाराचे घेतले. त्यामुळे तुळयांची टोके खांबांच्या सपाट अंगाला घट्ट आवळता आली. लांब पल्ल्याच्या तुळया घडीव लोखंडाच्या केल्या. तिरके टेकू नाहीत, रेटा घ्यायला भिंत नाही. खांब आणि तुळई यांच्यातला काटकोन हलत नाही, म्हणून इमारत हलत नाही. आजच्या अनेक पोलादी इमारती याच सांध्यावर विसंबून असतात. बाहेरून दिसतात फक्त खिडक्यांच्या सलग रांगा आणि त्यांखालचे पन्हळी पत्रे. एकही नक्षी नाही, आणि तिची उणीवही भासत नाही.

गोदीच्या भिंतीआड ही वास्तू जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित राहिली. १९५०च्या दशकात एरिक द मारे यांनी तिची छायाचित्रे काढली, आणि त्यानंतर ए. डब्ल्यू. स्केम्प्टन यांनी बांधकामाच्या इतिहासातले तिचे स्थान दाखवून दिले.

शीअरनेसशी मुंबईचेही नाते आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी युद्धनौका ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरली. चीनशी झालेल्या १८४२च्या नानकिंग तहावर तिच्याच डेकवर सह्या झाल्या. १८६५ मध्ये शीअरनेसला तिचा धक्का करण्यात आला आणि १९५७ मध्ये ती मोडीत निघाली. आपल्याकडच्या सुतारांचे काम इतकी वर्षे त्या खाऱ्या पाण्यात टिकले, हे मुंबईच्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवे.

१९६० मध्ये शीअरनेसची आरमारी गोदी बंद झाली. कोठाराला कायद्याने सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. पण ते व्यापारी बंदराच्या हद्दीत असल्याने सामान्य माणसाला तिथे सहज जाता येत नाही. मेडवेवरचीच चॅटहॅमची गोदी १९८४ मध्ये बंद झाली. तिथल्या अठराव्या शतकातल्या दोरखान्यात मात्र आजही दोर वळले जातात आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. ग्रीन यांच्या कोठारातही जुन्या होड्या आणाव्यात, त्यांच्या दुरुस्तीची शाळा काढावी. मधल्या पट्ट्यात यारी पुन्हा चालवावी.