वाट चुकलेला प्रकाश

रात्री शेताला पाणी द्यायला निघालेला खानदेशातला शेतकरी हातात बॅटरी घेतो. तशी एक बॅटरी घ्या आणि अंधारात तिच्या काचेवर बोटे घट्ट दाबा. बोटे लाल उजळतील. म्हणजे प्रकाश आरपार आला. मग आतली हाडे का दिसत नाहीत?

कारण हा प्रकाश सरळ आलेला नसतो. पेशींतील पाणी, स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचे अपवर्तनांक निरनिराळे असतात. त्यांच्या सीमांवर किरण पुन्हा पुन्हा वळतो आणि अखेर तो कोठून आला याचा मागच उरत नाही. हेच प्रकाशाचे विकिरण. दूध पांढरे दिसते तेही यामुळेच.

मग त्वचा न कापता आतल्या पेशी कशा पाहाव्यात? एक उपाय म्हणजे भरकटलेला प्रकाश अडवणे. १९९५ साली अमेरिकेत बोस्टन येथे मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरचा झोत त्वचेतील एका बिंदूवर एकवटला आणि परतीच्या वाटेवर बारीक छिद्र ठेवले. त्या बिंदूवरून सरळ आलेला प्रकाश तेवढा छिद्रातून जाई. असे बिंदू जुळवून जिवंत त्वचेचे चित्र मिळाले. त्वचेचा कर्करोग ओळखण्यास आता ही रीत उपयोगी पडते. परंतु मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या भागापलीकडे तिची मजल जात नाही.

त्याहून खोल जायचे, तर विकिरणाची भरपाई केली पाहिजे. समजा, जळगाव, चाळीसगाव व अमळनेरच्या मुलांना सायकलने एकाच वेळी धुळ्यास पोहोचायचे आहे. जळगाव सर्वांत दूर. तेथल्या मुलांनी आधी निघावे! प्रकाशलहरींचेही तसेच करता येते. २००७ साली नेदरलँड्समध्ये वेलेकूप व मोस्क यांनी लेसरच्या झोताचे अनेक भाग केले. पांढऱ्या रंगाच्या थराआडचा एक बिंदू उजळेल अशा बेताने संगणकाने प्रत्येक भागाच्या लहरी पुढेमागे केल्या. तो बिंदू सुमारे १००० पट तेजस्वी झाला.

रंगाचा थर स्थिर असतो. शरीरात मात्र रक्त वाहते आणि वाटा क्षणोक्षणी बदलतात. म्हणून ही भरपाई सेकंदाच्या हजाराव्या भागात पुन्हा पुन्हा करावी लागते. त्या वेगासाठीच आज शास्त्रज्ञांची धडपड चालू आहे.

आता बॅटरीवर बोटांऐवजी तळहात ठेवा. उजेड कमी का झाला, सांगा पाहू!