दुखणे सांगायची भाषा

बेळगावची बाई डॉक्टरांपुढे बसली की म्हणते, ‘रात्रभर जागाच असतो. झोप म्हणून लागत नाही. जीव नुसता घाबरा होतो.’ पुण्याच्या कानाला त्यातला ‘असतो’ खटकेल. पण टिळकवाडीपासून येळ्ळूरपर्यंत कितीतरी बाया स्वतःविषयी असेच बोलतात. कानडीत ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’ यांत फरकच नाही. प्रथमपुरुषी क्रियापद स्त्री-पुरुष दोघांना एकच. त्या शेजाराची ही खूण असावी. ‘जीव घाबरा होणे’ मात्र अस्सल मराठी आहे, आणि तपासणीच्या छापील प्रश्नावलीत ते सहसा सापडत नाही. तिथे ‘चिंता’, ‘उदासीनता’, ‘निरुत्साह’ असे शब्द असतात. आपल्याकडे मन उडते, मनाला लागते, जीव तुटतो, काळजात धस्स होते, डोके जड होते. दुखणे आधी शरीराच्या आणि जिवाच्या भाषेत येते. त्याला आजाराचे नाव नंतर मिळते, मिळालेच तर. ‘बेजार’ हा शब्द तर इथे दोन्ही भाषांचा आहे. मराठीत त्याचा अर्थ हैराण, जेरीस आलेला. कानडीतले ‘बेजारु’ कंटाळ्यापासून मन दुखावण्यापर्यंत सगळीकडे चालते. सीमाभागातला माणूस ‘बेजार’ म्हणतो तेव्हा त्याला यातले काय म्हणायचे आहे, हे दोन्ही भाषा कानावर असलेल्यालाच नेमके कळेल.

संस्कृती आणि मानसिक आरोग्य यांचा संबंध या लेखात इथून, दुखणे सांगायच्या भाषेपासून, शोधायचा आहे. सीमाप्रश्नावर ढीगभर लिहिले गेले. नकाशे, ठराव, जनगणनेचे आकडे, न्यायालयाच्या तारखा सगळे झाले. या सगळ्याने माणसांच्या मनाचे काय केले, याची चौकशी फार थोडी झाली. माझे म्हणणे असे, की भाषिक ओळख रोजच्या वापरात असेल, तर ती माणसाला सावरते. तीच ओळख नुसत्या वाट पाहण्यात अडकली, किंवा दर वेळी सिद्ध करावी लागली, की तिचे ओझे होते. सीमाभागात या दोन्ही गोष्टी गेली जवळजवळ सत्तर वर्षे शेजारी शेजारी घडत आल्या आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा पट्टा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून ती तारीख एकाच शहरात दोन प्रकारे पाळली जाते: कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिन. एका घरी सणाची पताका, शेजारच्या घरी दंडाला काळी फीत. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव म्हैसूरलाच, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने नाकारली आणि अमलात आलीच नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसे गेली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या हिशेबाने १९५६ साली शाळेत असलेले मूल आज ऐंशीच्या घरातले आजोबा आहे, आणि प्रश्न त्याच्या नातवंडांच्या हाती आला आहे.

या माणसांच्या मनःस्वास्थ्याचा थेट पुरावा काय, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहाहून थोड्या अधिक जणांना त्या वेळी मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त रुग्ण उपचारांविना होते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि कर्नाटकही नव्हता. म्हणजे ज्या सीमेवरून इतके रण माजले, तिच्या दोन्ही बाजू त्या मोजणीत रिकाम्या आहेत. तेव्हा दूरच्या अभ्यासाचा आधार घेणे भाग आहे, आणि तो घेताना जपून घ्यावा.

त्यातला सर्वांत मोलाचा अभ्यास कॅनडाचा. मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे आदिवासी वस्त्यांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘आदिवासींत आत्महत्या फार’ हा सरसकट समज तिथे कोसळला. काही वस्त्यांत प्रमाण भयंकर होते, काहींत अभ्यासाच्या सगळ्या वर्षांत एकही आत्महत्या नव्हती. फरक कशाचा? ज्या वस्त्यांनी आपली शाळा, आरोग्यसेवा, सांस्कृतिक केंद्र, कारभार स्वतःच्या हाती ठेवला, तिथे तरुण तगले. २००७ च्या पुढच्या अभ्यासात त्यांच्या गटाने भाषा तपासली: निम्म्याहून अधिक लोक आपली भाषा बोलू शकत होते, अशा वस्त्यांत आत्महत्या अगदी कमी किंवा नव्हत्याच. इथे एक तपशील आपल्या कामाचा आहे. संरक्षण देणाऱ्या त्या घटकांत पूर्वजांच्या जमिनीवरच्या हक्कासाठी चालवलेला लढाही होता. तेव्हा ‘लढत राहिल्यामुळेच सीमाभागातली माणसे कुढतात, सोडून द्या एकदाचे’ हा सल्ला मला पटत नाही. लढ्यात सामील असलेल्या माणसाला आपण कुणीतरी आहोत, आपल्या हातात काही आहे, असे वाटते. ते वाटणे औषधासारखे असते.

पण लढा आणि प्रतीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समध्ये आश्रय मागणाऱ्या इराकी निर्वासितांची तपासणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्याने आलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांना मानसिक आजार होता. निकालाची वाट पाहत दोन वर्षांहून अधिक काढलेल्यांत तो ६६ टक्के. बेळगावकर निर्वासित नाही. तो आपल्या गावात, आपल्या घरात, पूर्ण नागरिक म्हणून राहतो. त्याची तुलना त्या माणसांशी तंतोतंत होणार नाही. त्या अभ्यासातून एवढेच उचलायचे, की निकाल कधी लागेल याची खबर नसताना थांबून राहणे माणसाला आतून पोखरते. ज्याचा लढ्यात प्रत्यक्ष हात नाही, फक्त तारखेकडे डोळे आहेत, त्याच्या वाट्याला लढ्याचे बळ येत नाही, नुसती टांगणी येते. निपाणीची टांगणी तर आणखी विचित्र: आयोगाच्या कागदावर महाराष्ट्रात, कारभारात कर्नाटकात. गावालगतचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला आहे, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीतून वर्गात जाणारे पोर पायी राज्य ओलांडते.

यावर पहिला आक्षेप समोर ठेवतो, कारण तो वजनदार आहे. माणसे भाषेने आजारी पडत नाहीत; गरिबीने, दारूने, कर्जाने, घरातल्या मारहाणीने आणि रक्तातून आलेल्या दुर्बलतेने पडतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत धुळीत बसून काम करणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या बायांच्या मनावरचा भार भाषिक अन्यायाने आला असे कुणी म्हणेल, तर ते त्यांच्या कष्टांचा अपमान ठरेल. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मागणारे शेतकरी निपाणीत गोळीबाराला बळी पडले. मागणी दराची होती, भाषेची नव्हे. हे सगळे मान्य. पण आजार कशाने झाला हा एक प्रश्न, आणि आजारी माणसाला मदत कुठे, कोणत्या शब्दांत मिळते हा दुसरा. गरीब बाईला भाषेचा अडसर जास्तच नडतो, कारण बरोबर दुभाष्या नेण्याची तिची ऐपत नसते आणि कानडीतला अर्ज भरून घ्यायला तिला ओळखीचे कुणी शोधावे लागते. उपचारांपर्यंत जायला आधीच लाज आड येते. त्यात ‘तिथे आपलं बोलणं कळंल का?’ ही धास्ती मिसळली, की पाय उंबऱ्याशीच थांबतात.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आम्ही दोन्ही भाषा बोलतो, इंग्रजीही येते, आम्हाला कसला त्रास? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आनंदाचे आहे. जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या अभ्यासातून मांडले, की आपली संस्कृती धरून भोवतालची संस्कृतीही आपलीशी करणारे लोक बहुधा सर्वांत सुखरूप राहतात; आपली सोडणारे आणि भोवतालची नाकारणारे त्यांच्या मागे; दोन्हीकडून तुटलेल्यांचे हाल सर्वांत जास्त. बेळगावच्या पोराने मित्राशी कानडीत भांडावे आणि आईशी मराठीत, यासारखे निरोगी दुसरे काही नाही. पु. ल. देशपांड्यांच्या रावसाहेबांत, प्रकाश संतांच्या लंपनच्या बोलण्यात ही सरमिसळ मराठी वाचकाने डोक्यावर घेतली. मात्र तेच पोर पुण्यात शिकायला गेले, की त्याच्या ‘काय करूलालास’वर वर्ग हसतो. इकडे मराठी म्हणून वेगळा, तिकडे कानडी म्हणून वेगळा. घर म्हणून ज्या दिशेला पाहत आलो, तिथूनच ‘तुमचं मराठी जरा वेगळंच’ ऐकणे परक्याच्या शिवीपेक्षा खोल जाते. बेरींच्या मांडणीतला तो चौथा कोपरा, दोन्हीकडून तुटण्याचा, तो पुण्या-मुंबईच्या वसतिगृहातही तयार होतो. सीमाभागासाठी कळवळणाऱ्या महाराष्ट्राने हे मनावर घ्यावे.

आणि मग कानडी माणसाचे काय? बेळगावात व्यापार, वाचनालये, नाटके यांवर मराठीचा पगडा होता, तेव्हा कानडी बोलणाऱ्यालाही आपल्याच गावात आपण पाहुणे आहोत असे वाटले असेल. ती सल खरी असणार. तिच्यावर पाय देऊन आपली सल मोठी होत नाही. अक्कलकोट, जत इथल्या कानडी मुलांनाही हेच लागू. सोलापूर जिल्ह्यातल्या कानडी आजीला तिचे ‘बेजारु’ मराठी डॉक्टरला समजावता आले नाही, तर दोष तोच.

उपायाचा धागा कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे चौथे कलम सांगते, की उपचारांविषयीची माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेल्या टेलि-मानस या दूरध्वनीवरच्या समुपदेशन सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र सल्ला देणाऱ्याला प्रमाण मराठी येते, बेळगावी येते असे नाही. धारवाडच्या मनोरुग्णालयात शिकणाऱ्या कानडी तरुण डॉक्टरला सीमाभागातल्या बाईचा ‘जागाच असतो’ आणि ‘जीव घाबरा’ आधीपासून ओळखीचा असावा. त्यासाठी पुस्तकी मराठी शिकवायची गरज नाही, शे-दोनशे शब्दप्रयोगांची वही पुरेल. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मराठी आणि कानडी बाया एकाच रांगेत उभ्या राहतात, दोघींच्या अंगात येते, दोघींना भोवतालचे लोक समजून घेतात. तिथे दुभाष्या लागत नाही. उपचारांची जागा यल्लम्मा घेऊ शकत नाही, पण तिथे बाईचे ऐकून घेतले जाते, एवढे दवाखान्याने तिच्याकडून शिकावे.

आणि रोजच्या वापराचे म्हणाल, तर तो अजून आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. १९४६ साली याच गावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पण मला त्याहून मोठी वाटतात ती कडोली, उचगाव, येळ्ळूर इथली गावकऱ्यांनी भरवलेली मराठी साहित्य संमेलने. ग्रंथदिंडीत डोक्यावर कळस घेतलेल्या बाया, टाळ वाजवणारी शाळेची पोरे, मांडवात जमिनीवर बसून व्याख्यान ऐकणारा शेतकरी. यांतल्या कुणालाही न्यायालयाच्या तारखेची वाट पाहायची नसते. भाषा त्या दिवशी तिथे चालू असते. अशा मांडवात कविसंमेलनाच्या आधी तासभर एखाद्या समुपदेशकाला द्यावा, आणि त्याने बायांना विचारावे, की झोप लागते का, जीव कधी घाबरा होतो, आणि झाला तर कुणाजवळ बोलता.