‘बँक’ : एक शब्द की अनेक?

एकाच उच्चाराला परस्परांपासून दूरचे अर्थ असले की कोशकारापुढे प्रश्न उभा राहतो : हा एकच अनेकार्थी शब्द मानावयाचा, की योगायोगाने सारखे रूप धारण केलेले भिन्न शब्द? पहिल्या स्थितीस अनेकार्थता व दुसरीस समरूपता म्हणतात. समरूपतेचे ठरीव उदाहरण म्हणून इंग्रजीतील ‘बँक’ हा शब्द दिला जातो. नदीचा काठ ही ‘बँक’ आणि पैशांचा व्यवहार करणारी संस्थाही ‘बँक’. परंतु या शब्दाचा इतिहास पाहिला असता ही विभागणी वाटते तितकी निःसंदिग्ध राहत नाही.

ऑक्सफर्ड इंग्लिश कोशात या नामाच्या स्वतंत्र नोंदी आहेत. काठ, उतार, मातीचा उंचवटा हे अर्थ असलेला शब्द बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून मध्ययुगीन इंग्रजीत आला. वळताना विमान एका बाजूस कलते, त्या क्रियेचा वाचक शब्द याच अर्थातून निघाला. दुसरा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला. त्याचा अर्थ बाक, विशेषतः वल्हेकऱ्यांचे आसन, आणि त्यावरून वल्ह्यांची रांग. तिसऱ्याचे मूळ इटालियन ‘बांका’ म्हणजे सराफाचे मेज. मेजावरून व्यवसाय व व्यवसायावरून संस्था असा अर्थविस्तार होत गेला. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ ची. साठवणीचा अर्थ पुढे इतका प्रबळ झाला की १९३७ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातील रक्तसाठ्यालाही हेच नाव मिळाले.

तथापि हे फ्रेंच व इटालियन शब्द मुळात जर्मानिक भाषांतूनच घेतलेले होते. त्यामुळे तिन्ही वाटा मागे नेल्यास एकाच जर्मानिक शब्दकुळाशी पोहोचतात. ‘बेंच’ हाही त्याच कुळातला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ज्यांना सगोत्र म्हणावे लागते, त्यांना आजचा इंग्रजी भाषक मात्र निखालस वेगळे शब्द समजतो.

मराठीने यातील एकच अर्थ उचलला. काठासाठी तिच्याजवळ ‘तीर’, ‘तट’ होतेच. मात्र त्याच कुळातील आणखी दोन शब्द मराठीत आले : पोर्तुगीज ‘बांकू’वरून ‘बाक’ आणि इंग्रजीतून ‘बेंच’. शाळेतील बाक आणि गावातील बँक यांचे नाते मराठी भाषकास जाणवत नाही, आणि जाणवण्याचे कारणही नाही.

याहून लक्षणीय गोष्ट ‘पेढी’ची. या शब्दाची व्युत्पत्ती ‘पीठिका’ या आसनवाचक संस्कृत शब्दापर्यंत नेली जाते. व्यापारी घराण्याच्या ‘गादी’तही हाच बदल दिसतो. बसण्याच्या जागेवरून तेथे चालणाऱ्या व्यवहाराचे नाव पडणे ही अर्थप्रक्रिया इटलीत आणि भारतात स्वतंत्रपणे घडली. ‘ब्लड बँक’साठी ‘रक्तपेढी’ हा प्रतिशब्द म्हणूनच अर्थाच्या घडणीतही मूळ शब्दाला समांतर ठरतो.

व्युत्पत्ती शब्दाचा उगम सांगते. आजच्या भाषेत तो एक की अनेक, हे भाषकांच्या अर्थजाणिवेवरून ठरते. हे दोन निकष एकमेकांत मिसळले की कोशातील नोंदी आणि वर्गातील विवेचन दोन्ही संदिग्ध होतात. म्हणून नोंद एक करावी की अनेक, हे ठरविण्यापूर्वी आपण कोणता निकष लावीत आहोत हे कोशकाराने व अध्यापकाने स्पष्ट केले पाहिजे.